शेवटचा हप्ता आणि 'वाईटपणा'

'वाईटपणा घेणे' हा आपल्या भाषेतला मोठा गमतीदार वाक्प्रचार आहे. वाईट काम करणाऱ्याच्या वाट्याला हा वाईटपणा कधी येत नाही. वाईट कामाला वाईट म्हणणाऱ्याच्या वाट्याला येतो. गळका स्लॅब घालून गेलेल्या कंत्राटदाराने वाईटपणा घेतला, असे कोणी म्हणताना मी ऐकलेले नाही. त्याचे शेवटचे बिल अडवून धरणाऱ्या घरमालकाला मात्र सगळे गाव सांगायला येते, "जाऊ दे रे, चार पैशांसाठी कशाला वाईटपणा घेतोस?"

गेले आठ महिने मी हा वाईटपणा घेऊन बसलो आहे आणि तो खाली ठेवण्याचा माझा विचार नाही. माझ्या भांडणात वाचकांनी पंच व्हावे असे मुळीच म्हणणे नाही. पण हे भांडण माझ्या एकट्याचे नव्हे. गोव्यात, बेळगावात, कोकणात, जिथे जिथे मध्यमवर्गीय माणूस आयुष्यभराची शिल्लक घालून वडिलोपार्जित घर दुरुस्त करून घेतो, तिथे तिथे शेवटच्या हप्त्यापाशी येऊन हेच नाटक होते. संवादही तेच असतात. म्हणून त्या संवादांचा एकदा नीट समाचार घ्यावा म्हणतो.

आधी प्रकरण काय ते थोडक्यात सांगतो.

मी पणजीत सरकारी कारकून आहे. आमचे मूळ घर जांबोटीला. चोर्ला घाट चढून बेळगावला जाणाऱ्या गोवेकरांना हे गाव चहाच्या थांब्यापुरते ठाऊक असते. खानापूर तालुक्यातला हा रानाचा आणि पावसाचा पट्टा. वर कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पलीकडे म्हादईचे खोरे. जून ते सप्टेंबर इथे पाऊस पडतो म्हणजे काय, हे गोवेकरांना सांगायला नको. आपलाच पाऊस घाट चढून तिथे येतो. घर चिऱ्याच्या भिंतींचे, मंगळुरी कौलांचे. तिथे माझी आई राहते. वय ७६. न्हाणी आणि संडास मागच्या अंगणात, आणि पावसाळ्यात रात्री छत्री-कंदील घेऊन तिकडे जाणे तिला झेपेना. म्हणून मागची पडवी काढून त्या जागी स्लॅबची खोली, आत न्हाणी-संडास आणि स्वयंपाकघरात नवी लादी, असे काम काढले.

ठरलेली रक्कम ६,४०,००० रुपये. चार हप्त्यांत दिले ५,५०,०००. राहिले ९०,०००. काम मे महिन्याच्या शेवटी 'झाले'. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात आला आणि काम झाले म्हणजे नेमके काय झाले, ते दिसू लागले.

एक, न्हाणीच्या जमिनीचा उतार जाळीकडे नसून दाराकडे. अंघोळीचे पाणी उंबऱ्याशी तळे करून राहते आणि ७६ वर्षांच्या बाईने त्या तळ्यातून पाय टाकून बाहेर यायचे. जी बाई बाहेरच्या निसरड्या अंगणात पडू नये म्हणून साडेसहा लाखांचा खटाटोप केला, तिच्यासाठी आता घरातच निसरडे अंगण झाले! दोन, नवा स्लॅब जिथे जुन्या चिऱ्याच्या भिंतीला टेकतो तो सांधा. तिथे भिंतीत खाच मारून, पाणी आत शिरणार नाही असा बंदोबस्त करून मग गिलावा करायचा असतो. आमच्या इथे नुसता गिलावा थापला. चिरा पाणी पितो हे चिऱ्याच्या मुलखातल्या गवंड्याला मी सांगायचे का? तीन, स्वयंपाकघराची लादी. १८० लाद्या नाण्याने ठोकून पाहिल्या, ४७ पोकळ वाजल्या. म्हणजे खाली माल भरलाच नाही. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून लादी बसवली.

बेळगावच्या एका इंजिनिअरला फी देऊन आणले. त्याने मोजमाप केले, फोटो काढले आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज दिला: ५२,००० रुपये. मी कंत्राटदाराला लेखी कळवले की तीन दोष महिन्याभरात दुरुस्त करून द्या आणि पूर्ण ९०,००० घेऊन जा. नाहीतर दुरुस्तीचे ५२,००० वजा करून ३८,००० आजच घेऊन जा. तो म्हणाला, पूर्ण नव्वद, आणि तेही आधी.

एवढेच प्रकरण. आता संवाद.

पहिला संवाद: "आमच्याकडचा पाऊसच तसला आहे की ओ साहेब. थोडं पाझरतंयच."

हे वाक्य मला सर्वात जास्त लागले. कारण ज्या भिंतीला टेकून तो हे बोलत होता, ती भिंत आणि तिच्यावरचे कौलारू छप्पर याच पावसात तीन पिढ्या उभे आहे. मंगळुरी कौलांचा कारखाना बाझल मिशनने मंगळूरला १८६५ साली काढला. तेव्हापासून घाटाच्या दोन्ही अंगांना हे छप्पर पाऊस पेलत आले. उतार, पाखी, पन्हळ, ओटीबाहेर आलेली वळचण, हे सगळे पावसाला दिलेले उत्तरच होते. तेव्हा पाऊस नवा नाही. नवा आहे तो स्लॅब, आणि त्याचे शास्त्र न शिकता तो घालण्याची घाई.

त्या शास्त्रात गूढ असे काही नाही. काँक्रीट कसे करावे याचे भारतीय मानक आहे, आय.एस. ४५६, सन २००० चे. त्यात म्हटले आहे की साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट निदान ७ दिवस सतत ओले ठेवा; राखमिश्रित वगैरे सिमेंट असेल तर निदान १० दिवस. आज बाजारात घरबांधणीला मिळणारे बरेचसे सिमेंट मिश्रितच असते. आमच्या स्लॅबवर पाणी मारले तीन दिवस. चौथ्या दिवशी पाणी मारणारा पोऱ्या दुसऱ्या साइटवर गेला. कारण मे महिना! पाऊस यायच्या आत कंत्राटदाराला चार ठिकाणची कामे 'उरकायची' असतात. तेव्हा पावसाने स्लॅब गळवला हे म्हणणे खोटे. पावसाच्या आधी दुसऱ्याच्या कामाकडे पळण्याच्या हावेने तो गळवला. पाऊस फक्त साक्षीदार आहे.

दुसरा संवाद: "घर वापरताय न्हवं? मग पैसे द्यायला काय झालं?"

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. खोलीत आई राहते, न्हाणी वापरते, मग काम 'पोचले' की! यावर लोक गप्प बसतात. पण हा प्रश्न जगात पहिल्यांदा जांबोटीत उपस्थित झालेला नाही. लंडनमध्ये १९५२ साली होएनिग विरुद्ध आयझॅक्स असा एक खटला अपील कोर्टापुढे आला. एका सजावटकाराने एका खोलीचा फ्लॅट रंगवून, सामान करून देण्याचे काम ७५० पौंडांना घेतले होते. मालकाने ४०० दिले, फ्लॅटमध्ये राहू लागला, सामान वापरू लागला आणि उरलेले ३५० द्यायला नकार दिला. कारण कपाटाचे दार नव्याने करावे लागणार होते, पुस्तकांचे फडताळ आखूड झाले होते वगैरे. कोर्टाने काय म्हटले? काम मुख्यतः पुरे झाले आहे, मालक ते वापरतो आहे, तेव्हा ठरलेले पैसे दिले पाहिजेत. पण दोष दुरुस्त करण्याचा खर्च वजा करून. तो खर्च निघाला ५५ पौंड १८ शिलिंग २ पेन्स. शिलिंग-पेन्सांपर्यंत हिशेब केला, आणि तेवढीच वजावट करून बाकी द्यायला लावली.

मला या निकालातली सर्वात मोलाची गोष्ट ते दोन पेन्स वाटतात. कोणी म्हटले नाही की चार पेन्सांसाठी कशाला वाईटपणा घेता!

वीस वर्षांनी, १९७२ साली, त्याच कोर्टापुढे उलट टोकाचे प्रकरण आले: बोल्टन विरुद्ध महादेव. घर तापवण्याची यंत्रणा बसवण्याचे काम ५६० पौंडांचे. घर पुरेसे तापेना, खोल्यांत धूर येई, आणि दुरुस्तीचा खर्च १७४ पौंड. कोर्ट म्हणाले, हे काम मुख्यतः पुरे झाले असे म्हणताच येत नाही. त्या कामाचे पैसे मिळणार नाहीत. म्हणजे तराजू दोन्ही बाजूंना झुकतो, पण झुकतो तो मोजून. आपल्याकडेही १८७२ च्या करार कायद्याचे ७३ वे कलम हेच सांगते: करार मोडल्याने जे नुकसान झाले, त्याची भरपाई. त्याहून जास्त नाही, पण कमीही नाही. घर वापरणे म्हणजे दोषांना माफी देणे, असा अर्थ त्यातून निघत नाही. आईने न्हाणी वापरू नये आणि मागच्या अंगणात भिजत जावे, म्हणजे माझी तक्रार खरी ठरेल, असे कंत्राटदाराला वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरा संवाद: "गरिबाच्या पोटावर पाय देताय."

हा संवाद कंत्राटदार स्वतः बोलत नाही. तो मजुरांना पाठवतो. आमच्याकडे लादी बसवणारा गवंडी आणि दोन हेल्पर आले, हात बांधून अंगणात उभे राहिले. कंत्राटदाराने त्यांना सांगितले होते की गोव्याच्या साहेबाने पैसे अडवले, म्हणून तुमची मजुरी राहिली. इथे माझ्यासारख्याचा निर्धार डळमळतो आणि तो डळमळावा. कारण त्या तिघांची मजुरी खरीच राहिली होती, आणि त्यांनी घाम गाळला होता हेही खरे. लाद्या पोकळ बसल्या त्या त्यांच्या हातून. पण माल कमी वापरा आणि आज संध्याकाळपर्यंत उरका, हे सांगणारा दुसरा होता.

पण जरा थांबून हिशेब पाहू. कंत्राटदाराला ५,५०,००० मिळाले होते. त्यातून मजुरी द्यायची नाही आणि शेवटच्या नव्वदातून देईन म्हणायचे, हे त्याने ठरवले. मजूर म्हणजे त्याच्या हातातली ढाल. ढालीच्या मागे तो, पुढे गरीब माणूस, आणि वार करायचा तर आधी गरिबावर. ही युक्ती मोठमोठ्या कंपन्याही वापरतात. आमचा कंत्राटदार तर लहान माणूस.

मी काय केले? कंत्राटदाराला बोलावले, तिघांची राहिलेली मजुरी त्याच्या तोंडून वदवून घेतली, ११,५०० रुपये, आणि ती त्याच्या समक्ष तिघांच्या हातात दिली. कागदावर तिघांचे अंगठे-सह्या, आणि 'ही रक्कम माझ्या बिलात जमा' अशी कंत्राटदाराची सही. ही सही महत्त्वाची. परस्पर मजुरांना पैसे दिले तर कंत्राटदार उद्या म्हणेल, मला कुठे मिळाले? त्या दिवसापासून ३८,००० तले २६,५०० राहिले. आणि एक चमत्कार झाला. 'गरिबाच्या पोटावर पाय' हा संवाद त्या दिवशीच बंद पडला. गरिबाचे पोट भरले की गरिबाच्या नावाने भांडणाऱ्याला भांडायला उरते काय?

चौथा संवाद: "मराठी माणूस मराठी माणसाला नोटीस काढतो?"

हा संवाद फक्त सीमाभागातच ऐकू येईल, आणि म्हणून तो मला जास्त झोंबला. १९५६ साली हा मुलूख कर्नाटकात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या सगळ्या काळात इथल्या मराठी माणसाने भाषेसाठी सोसले, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. आमच्या घरातही ते सगळे झाले आहे. त्या सोसण्यातून जो आपलेपणा जमला, तो काय गळक्या सांध्यावर पोतेरे म्हणून वापरायचा? 'आपला माणूस आहे, सरकारी कचेरीत कशाला जायचे, तिथे सगळे कानडीत' असे म्हणून आपल्याच माणसाला फसवायचे, आणि त्याने बोलू नये म्हणून भाषेची शपथ घालायची! मी तर उलट म्हणेन. आपल्या माणसाकडून काम घ्यावे म्हणून मी बेळगावच्या दोन मोठ्या कंत्राटदारांना नकार दिला होता. भाषेचा मान राखायचा असेल तर आधी त्याने राखावा: न्हाणीचा उतार मराठीत जाळीकडे असतो आणि कानडीतही जाळीकडेच असतो.

हे झाले त्याच्या बाजूचे संवाद. आता आपल्या बाजूचे, म्हणजे घरमालकांचे. कारण लेख वाचून काही घरमालक खूश झाले असतील, तर त्यांनी इतक्यात होऊ नये.

आपल्यातले कित्येक लोक शेवटचा हप्ता द्यायचाच नाही, असे पहिल्या दिवशीच ठरवून बसलेले असतात. काम चांगले झाले तरी खुसपट काढायचे, रंगाचा एक डाग दाखवायचा, 'पुढच्या महिन्यात ये' म्हणत सहा महिने फिरवायचे आणि शेवटी दहा हजार बुडवून 'कसा वठणीवर आणला' म्हणून दिवाळीच्या फराळाला बढाई मारायची. पणजीत माझ्या आजूबाजूला असे सज्जन मी रोज पाहतो. पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणाऱ्या माणसाने असे करावे यासारखी दुसरी लाज नाही. याला मी व्यवहार म्हणत नाही, चोरी म्हणतो. ज्याला होएनिगचा न्याय हवा, त्याने ५५ पौंड कापावेत, ३५० गिळू नयेत.

आणि याचा परिणाम काय होतो पाहा. शेवटचा हप्ता बुडणार हे कंत्राटदाराला अनुभवाने ठाऊक असते. म्हणून तो आधीच्या हप्त्यांतच नफा काढून घेतो. पाया आणि स्लॅब यांचे पैसे फुगवतो, लादी आणि नळ यांना काही शिल्लक ठेवत नाही. मग शेवटची कामे, जी रोज डोळ्यांपुढे राहणार, तीच सर्वात वाईट होतात. ती वाईट झाली म्हणून मालक शेवटचा हप्ता अडवतो. तो अडवतो म्हणून पुढच्या घरी कंत्राटदार आणखी आधी पैसे काढतो. असे हे रहाट वर्षानुवर्षे फिरते आहे, आणि सगळे एकमेकांना म्हणतात, वाईटपणा नको!

हे रहाट थांबवण्याची युक्ती मला कोणी ऋषिमुनीने सांगितली नाही. माझ्या टेबलावरून रोज जाणाऱ्या फायलींत ती आहे. सरकारी बांधकामात मोजमाप पुस्तक असते, ज्याला आम्ही एम.बी. म्हणतो. जेवढे काम झाले तेवढे आधी त्यात मोजून लिहायचे, मग चालू बिल निघते. प्रत्येक बिलातून काही टक्के रक्कम सुरक्षा ठेव म्हणून कापून ठेवतात. काम संपल्यावर दोषदायित्वाचा काळ असतो. त्या काळात काही फुटले, गळले, तर कंत्राटदाराने पदरमोड करून दुरुस्त करायचे. तो काळ निर्वेध गेला की ठेव परत. यात कोणी कोणाचा अपमान करत नाही. ठेव कापली म्हणून कंत्राटदार इंजिनिअरच्या घरापुढे मजूर उभे करत नाही. ती रक्कम दोघांचीही नाही हे दोघांना पहिल्या दिवशी माहीत असते. तिचा मालक पाऊस! एक पावसाळा उलटला, की ज्याची त्याला मिळते.

वाचक म्हणतील, मग सरकारी रस्ते पहिल्या पावसात का वाहून जातात? बरोबर आहे, जातात. ते नियम वाईट म्हणून नव्हे, मोजणाऱ्याने न पाहता लिहिले म्हणून. आपल्या घराचे मोजमाप आपण स्वतः पाहून लिहिणार आहोत ना? मग भीती कसली?

यावर एक ठरलेला उसासा येतो: "पूर्वीचे मेस्त्री कसे शब्दाला जागायचे हो! कागद लागत नव्हते." पूर्वीच्या कौतुकात मीही कोणाला हार जाणार नाही. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराने आपले नाव कोरून ठेवले आहे. केलेल्या कामाखाली, लोकांच्या पायतळी, पण नाव! आमच्या स्लॅबवर कोणाचे नाव कोरायला सांगितले तर किती कंत्राटदार तयार होतील? पण म्हणून सगळा भूतकाळ हिरोजींनी भरला होता असे समजू नये. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. बलुतेदारीचा इतका बारकाईचा हिशेब दुसरीकडे क्वचित सापडेल, आणि त्यांनी त्या व्यवस्थेचे गोडवे गायलेले नाहीत. तिची दुखणी दाखवली. आणि एक लक्षात घ्या. बलुते मिळायचे ते सुगीला, खळ्यावर, वर्षभराच्या कामानंतर. सुताराने नांगर नीट भरला की नाही, हे पेरणी होऊन पीक हाती आल्यावर कळलेले असायचे. म्हणजे सुरक्षा ठेव आणि दोषदायित्वाचा काळ आपल्या आजोबांनाही माहीत होता, फक्त त्याला ही नावे नव्हती. तेव्हाचा शब्द टिकत होता, कारण देणारा आणि घेणारा दोघेही मरेपर्यंत त्याच गावात राहणार होते. आज कंत्राटदाराच्या चार तालुक्यांत चार साइट आणि मालक पणजीला. या अंतरावर शब्द पोचत नाही, तिथे कागदच पाठवावा लागतो.

कायदा काय म्हणतो, तेही सांगून ठेवतो, कारण 'आपल्याकडे काय होणार' हा सर्वात आळशी संवाद आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची 'सेवा' मानली. त्याच वर्षी कायद्यातही 'घरबांधणी' हा शब्द घातला गेला. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो कायम आहे. तक्रार जिल्हा आयोगापुढे दोन वर्षांच्या आत करायची. वकील लागतोच असे नाही. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही; ५ ते १० लाखांत असेल, म्हणजे माझ्यासारख्याला, फी २०० रुपये. एवढ्या पैशांत पणजीत दोन माणसे जेवत नाहीत. तोंडी करारही कायद्याने करारच असतो. फक्त सिद्ध करताना घाम फुटतो. म्हणून व्हॉट्सॲपवरचे दर, हप्त्यांच्या पावत्या, तारखेचे फोटो जपून ठेवावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा नोंदी पुरावा म्हणून मांडायची रीत दिली आहे.

आणि एक विषमता. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्याला ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधणीतल्या दोषांची हमी आहे. कळवल्यावर ३० दिवसांत, विनामूल्य दुरुस्ती. पण गावातले जुने घर दुरुस्त करून घेणाऱ्याला त्याचा आधार नाही. त्याची हमी म्हणजे त्याच्या खिशात राहिलेला शेवटचा हप्ता. तोही त्याने वाईटपणाच्या भीतीने सोडून द्यायचा?

म्हणून माझे सांगणे अगदी साधे, कारकुनी आहे. काम सुरू होण्याआधी एका कागदावर लिहा: काय करायचे, कशाने करायचे, कुठल्या टप्प्याला किती पैसे. दहातला एक भाग एक पावसाळा संपेपर्यंत राहील, असे त्यात घाला आणि त्याला ते आधी सांगा. स्लॅब झाल्यावर पाणी किती दिवस मारले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. न्हाणीत लादी बसवण्यापूर्वी एक बादली ओता आणि पाणी कुठे जाते ते पाहा. त्याला इंजिनिअर लागत नाही. दोष निघाला तर तिसऱ्या माणसाकडून लेखी अंदाज घ्या, आणि तेवढेच कापा. मजुरांची मजुरी राहिली का, हे विचारा. आणि पावसाळा निर्वेध गेला तर ठरल्या दिवशी, कोणी मागायला यायच्या आत, राहिलेले पैसे स्वतः नेऊन द्या. हे शेवटचे करणार नसाल तर आधीचे काहीच करू नका.

माझ्या २६,५०० रुपयांचे काय झाले? ते बँकेत वेगळे ठेवले आहेत. कंत्राटदाराला स्पीड पोस्टाने पत्र पाठवले, पोचपावती फाइलला आहे. पत्रात लिहिले आहे की कधीही या, सही करा, घेऊन जा. तो अजून आलेला नाही. गावात मात्र सांगत फिरतो की साहेबाने नव्वद हजार खाल्ले. इंजिनिअरच्या अंदाजाप्रमाणे न्हाणी उकरून उतार दुसऱ्या गवंड्याकडून काढून घेतला; सांध्याचे काम पाऊस ओसरल्यावर झाले. खर्च अंदाजापेक्षा १,८०० रुपयांनी जास्त आला. ते मी सोसले, कारण आकडा एकदा लेखी दिला होता आणि लेखी दिलेला आकडा मी बदलत नाही.

गावातले एक मामा परवा फोनवर म्हणाले, "अरे, तुझ्यामुळे आता सगळेच कागद मागायला लागलेत. वरच्या आळीतल्यांनी तर मेस्त्रीला एक पावसाळा थांब म्हणून सांगितलं." मामांच्या आवाजात तक्रार होती. मला मात्र हा माझ्या वाईटपणावर मिळालेला पहिला व्याजाचा हप्ता वाटला.